पिकाचं नाव

ऊस तुटून गेला आणि चौथ्या दिवशी कारखान्यावरून वजनाची चिठ्ठी आली. तवनाप्पानं ती दारातच उभ्यानं बघितली, घडी करून टोपीच्या दुमडीत खोवली आणि घरात पाऊल न टाकता कुदळ घेऊन तो पुन्हा रानाकडं वळला. चंपाबाईनं, त्याच्या बायकोनं, पाण्याचा तांब्या पुढं केला होता. तो तिच्या हातातच राहिला.

तीन एकरांत मिळून एकेचाळीस टन. सहा वर्षांमागं नदीवर नवीन इंजिन बसलं तेव्हा एवढा ऊस त्या रानातल्या एका एकरानं दिला होता.

कस्तुरी, त्याची सून, रानात पाचट ओढत होती. मार्च लागला होता. रानाची खालची बाजू पांढरी फटक पडली होती, कुणी ताकाचा सडा मारून वाळवल्यासारखी. त्या पांढऱ्या मातीत चाललं की टाचांच्या भेगांत आग व्हायची. रोज संध्याकाळी ती टाचांना खोबरेल लावून बसायची आणि सकाळी पुन्हा त्याच मातीत उतरायची.

सासऱ्यानं उसाचा एक बुडखा कुदळीनं उपटला, नाकाला लावला आणि तिच्याकडं धरला.

"वास घे."

तिनं घेतला. गटारीत पडलेल्या दोरखंडासारखा कुजका वास होता. तवनाप्पानं तिथंच गुडघाभर खड्डा काढला. मार्चच्या उन्हात, नदीपासून एवढ्या लांब, खड्ड्याच्या तळाला पाणी झिरपून आलं. त्यानं बोट बुडवून चाटलं आणि थुंकला.

"वरनं आपुन पाणी देतोय, खत देतोय, आन् खालनं मुळी बुडून मरतीया," तो म्हणाला.

त्या दिवशी दिवस मावळायच्या आत घरातली जेवणं चालली असताना त्यानं ठरवलेलं सांगितलं. दोन वर्षं ऊस नाही. खालच्या बांधाला कमरेएवढा चर काढायचा, ओढ्यापर्यंत न्यायचा, रानातलं मिठाचं पाणी त्यातनं जाऊ द्यायचं. पावसाळ्यात ताग पेरायचा आणि फुलावर आला की तिथंच गाडायचा. थंडीत लेंडीखतासाठी मेंढरं बसवायची. मग जोंधळा. त्याच्या आज्याच्या काळी ह्याच रानात जोंधळ्याची ताटं घोड्यावरच्या माणसाला झाकत होती, हे त्यानं ऐकलेलं होतं.

चंपाबाईनं एकच विचारलं, की दोन वर्षं खायचं काय आणि चर खणणाऱ्यांना द्यायचं काय.

"सोसायटी देईल," तवनाप्पा म्हणाला. "पंचवीस वर्सं सभासद हाय. एक हप्ता कवा चुकला न्हाई. उसाला देत्यात, ती रानाला देतील."

त्यांचा एकुलता एक मुलगा नेमिनाथ त्याच सोसायटीत लिहिण्याच्या कामाला होता. त्यानं ताटातून मान वर केली नाही. कस्तुरीनं नवऱ्याचं ते मान न उचलणं बघितलं, आणि तिला तेव्हाच कळलं की सोसायटी देणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नेमिनाथचा डबा घेऊन गेली, तर सासरा सोसायटीच्या पायरीवर बसलेला. सकाळी आठला आला होता. चेअरमन आप्पासो आत होते, त्यांच्याकडं माणसं जात होती, येत होती. तवनाप्पानं लग्नकार्याला घालायचं धुवट धोतर नेसलं होतं. पायरीवर खताची भुकटी सांडलेली होती, ती धोतराला मागं लागली होती. येणारेजाणारे ते बघत होते, सांगत कुणी नव्हतं.

ती आत डबा ठेवायला गेली तेव्हाच आप्पासोंनी तवनाप्पाला बोलावलं. आप्पासोंचं रान तवनाप्पाच्या रानाला लागूनच, वरच्या अंगाला होतं. लहानपणी दोघांनी एकाच ओढ्यात म्हशी धुतल्या होत्या. आप्पासोंनी सगळं ऐकून घेतलं, मधे चहा मागवला, आणि मग टेबलावरच्या काचेखाली ठेवलेला छापील तक्ता बोटानं दाखवला. उसाला एकरी किती, गव्हाला किती, भुईमुगाला किती. काही रोख, काही खताच्या रूपानं.

"ह्यात ताग कुठं हाय, दाखव," आप्पासो म्हणाले. "चर कुठं हाय? मी देतो म्हणलं तरी कशात घालून देऊ? पीककर्ज हाय हे. जिथं पीकच न्हाई तिथं वसूल कशातनं करायचं?"

तवनाप्पा म्हणाला की रान सुधारलं की पुढची वीस वर्षं वसूल होईल. आप्पासो हसले. ते हसणं वाईट नव्हतं, लहान पोराकडं बघून हसतात तसं होतं, म्हणून कस्तुरीला ते जास्त लागलं.

"ऊस लाव म्हंजे उद्या मंजूर करतो. ऊस न लावता पैसं मागणारा तू पहिलाच. आरं, तुझ्या रानात मीठ फुटतंय ते तू पाणी जादा देतोस म्हणून. आमच्याकडं कुठं फुटतंय?"

नेमिनाथ शेजारच्या टेबलावर काहीतरी लिहीत होता. वडील आले तेव्हा तो उठला नाही आणि गेले तेव्हाही उठला नाही. कस्तुरी डबा ठेवून बाहेर आली आणि सासऱ्याच्या मागं दहा पावलांवरनं चालत राहिली. त्याच्या धोतराला लागलेलं खत झटकावं असं तिला वाटत होतं, पण भर रस्त्यात सासऱ्याच्या अंगाला सुनेनं हात कसा लावायचा.

आठवड्यानं नेमिनाथ घरी कागद घेऊन आला आणि म्हणाला, आण्णा, मंजूर झालं, सही करा. नऊशे रोख मिळतील. तवनाप्पा आजोळी, कन्नड शाळेत, चार यत्ता शिकलेला. आकडे वाचायचा, पण मराठी अक्षरं त्याला जुळत नसत. त्यानं कन्नडात सही केली आणि मुलाकडं अशा अभिमानानं बघितलं की कस्तुरीला चुलीपुढनं तोंड फिरवावं लागलं. रात्री ती नवऱ्याला विचारणार होती, मंजूर कसं झालं ते. मग तिनं विचारलं नाही.

पुढचे दहा दिवस तवनाप्पा गावभर सांगत हिंडला की सोसायटीनं माझं ऐकलं.

चर खणायला एप्रिल-मे गेला. बाहेरची सहा माणसं आणि घरातली दोघं. पुरुष कुदळ मारायचे, कस्तुरी पाटीनं माती वर काढायची. वरचा हातभर थर दगडासारखा, त्याच्याखाली चिकट काळी माती, खोऱ्याला धरून बसणारी. प्रत्येक खोरं पायानं खरवडून मोकळं करावं लागायचं. कस्तुरीच्या हातांचे फोड फुटले, त्यात खारं पाणी गेलं, बोटं सुजून वाकेनात. भाकरी थापताना चंपाबाई तिला बाजूला सारायची आणि स्वतः थापायची. तवनाप्पा पंचावन्न वर्षांचा, पण सगळ्यांत पुढं तोच असायचा. त्याच्या उघड्या पाठीवर घाम वाळून पांढऱ्या रेघा उठायच्या.

चर ओढ्याला मिळाला त्या सकाळी त्यानं शेवटचा माती-बांध स्वतः फोडला. पाणी धो-धो आलं नाही. चराच्या दोन्ही भिंतींतनं घाम फुटल्यासारखं ते सुटलं, तळाला बोटभर झालं आणि हळूहळू ओढ्याकडं सरकायला लागलं. सगळी माणसं खोरी टेकून बघत राहिली. तवनाप्पा चरात खाली बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी दारात बैलगाडी आली. गाडीत युरियाची वीस पोती. गाडीवाल्यानं पोती सोप्यात रचली, चिठ्ठी तवनाप्पाच्या हातात दिली आणि तो गेला. नेमिनाथ घरात नव्हता.

"हे कशाचं आलं?" तवनाप्पानं चिठ्ठी कस्तुरीपुढं धरली. "वाच बघू."

कस्तुरी सातवी शिकलेली. चिठ्ठीवर सभासदाचं नाव होतं, गट नंबर होता, आणि त्याच्याखाली नवऱ्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: पिकाचे नाव, आडसाली ऊस. क्षेत्र तीन एकर.

तिनं ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं. सोप्यात पोत्यांचा उग्र वास सुटला होता. सासरा तिच्या तोंडाकडं बघत होता. दोन महिने मातीत राबून त्याच्या डोळ्यांखालची कातडी काळी पडली होती, पण नजर पोराच्या अभिमानानं अजून तशीच ताजी होती.

"सगळ्याच सभासदांना देत्यात म्हणं," ती म्हणाली. "पीकबीक काय लिहिलेलं न्हाई."

तवनाप्पा म्हणाला, राहू दे मग, उसाला नाही तर गव्हाला होईल कधीतरी. पोत्यांवर त्यानं ताडपत्री टाकली. कस्तुरी परड्यात गेली आणि भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. तिला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे तिला ठरवता येत नव्हतं. नवऱ्यावर, आप्पासोंवर, त्या काचेखालच्या तक्त्यावर, की आत्ताच सरळ तोंडानं खोटं बोललेल्या स्वतःवर.

रात्री तिनं नेमिनाथला चिठ्ठी दाखवली. तो म्हणाला, की सगळेच लिहितात. ज्यानं भुईमूग केला तोही ऊस लिहितो, कारण उसाला पैसे जास्त. तपासायला कोण येतंय?

जूनमध्ये ताग पेरला. त्याच महिन्यात खताचा भाव वाढल्याचं रेडिओवर सांगितलं. बावन्नला मिळणारं पोतं शंभराच्या घरात गेलं, आणि तरीही सोसायटीत माल मिळेना. लोक तवनाप्पाच्या सोप्यातली पोती येताजाता बघून जायला लागले.

ताग मात्र असा आला की बघणाऱ्यानं बघतच राहावं. वरच्या दोन एकरांत पुरुषभर उंच झाला. खालच्या पांढऱ्या पट्ट्यात विरळ, गुडघ्याएवढा, पण तिथंही तो जिवंत होता. ऑगस्टच्या सुरुवातीला पिवळी फुलं लागली. तवनाप्पा नांगराचा फाळ लोहाराकडनं धार लावून आणायला निघणार होता, त्याच दिवशी बांधावर चार माणसं दिसली. आप्पासो, वरच्या बँकेचा तपासनीस, गावचा कोतवाल, आणि मागं काखेत वही धरून नेमिनाथ.

तवनाप्पाला वाटलं, चर बघायला आले. तो धावत पुढं गेला. तपासनीस साहेबाला हाताला धरून त्यानं चराच्या काठावर नेलं, खालचं वाहतं पाणी दाखवलं, तागाचं एक ताट उपटून मुळावरच्या गाठी दाखवल्या. आपल्या मोडक्या बोलीत तो भराभर सांगत होता, आणि साहेब त्याच्याकडं न बघता आजूबाजूला बघत होता.

"ते ठीक आहे," साहेब म्हणाला. "ऊस कुठं आहे?"

"ऊस न्हाई केला, सायेब. दोन वर्सं करायचाच न्हाई."

"मग तीन एकर आडसालीचं कर्ज कसं उचललंत?"

तवनाप्पा हसला. साहेबाची काहीतरी गल्लत झाली असं त्याला वाटलं. त्यानं मागं वळून मुलाकडं बघितलं, सांग म्हणून. नेमिनाथ वहीच्या पुठ्ठ्याकडं बघत होता. साहेबानं अर्ज उघडून पुढं धरला. खाली कन्नडातली सही होती, ती तवनाप्पाला वाचता आली.

"खोटं पीक दाखवून पैसे उचलणं म्हणजे काय होतं माहीत आहे का म्हातारबा?" साहेब म्हणाला. "तुमच्यासारख्या वयाच्या माणसाला हे शोभत नाही."

तवनाप्पाच्या हातात तागाचं ताट तसंच होतं. बांधावर आता शेजारच्या रानातली माणसं जमली होती. कस्तुरी चराच्या पलीकडं गवत कापत होती. विळा हातात घेऊनच ती चरात उतरली, वर आली आणि साहेबापुढं उभी राहिली. डोक्यावरचा पदर मागं गेलेला तिला कळलं नाही.

"अर्जावर ऊस ह्यांनी लिव्हला," ती नवऱ्याकडं विळा करून म्हणाली. "पोत्यांच्या चिठ्ठीवर मी वाचला, आन् मामांना दुसरंच सांगितलं. मामांना ह्यातलं काय ठावं न्हाई. बोल लावायचा तर आमाला लावा, त्येंला न्हाई."

साहेबानं वहीत लिहून घेतलं. तवनाप्पानं सुनेकडं बघितलं आणि मग तिच्याकडं बघायचं सोडून दिलं. कितीतरी महिने त्यानं पुन्हा बघितलं नाही.

संध्याकाळी आप्पासो घरी आले. सोप्यात पोत्यांना पाठ टेकून बसले आणि समजावणीच्या सुरात बोलले. साहेब पंधरा दिवसांनी पुन्हा येणार आहे. तेवढ्यात ताग मोडायचा आणि उसाच्या कांड्या लावायच्या. रानात ऊस दिसला की अर्ज खोटा राहत नाही. नाहीतर सगळी रक्कम व्याजासकट एकदम भरावी लागेल, आणि नेमिनाथच्या नोकरीचं मग आपल्या हातात काही नाही.

"म्हंजे ऊस मेला तरी चालंल, पर लावला पायजे," तवनाप्पा म्हणाला.

"पुढचं पुढं बघू की."

आप्पासो गेल्यावर चंपाबाई म्हणाली, लावा ऊस, पोराचा विचार करा. नेमिनाथ भिंतीशी उभा होता. तवनाप्पानं त्याला शांतपणे विचारलं, की माझी सही कशावर घेतलीस.

"आण्णा, त्या तक्त्यात तुमच्या चराला जागाच नव्हती," नेमिनाथ म्हणाला. "तुमी सकाळधरनं पायरीवर बसला हुता. माझ्याच्यानं बघवंना."

"बघवंना तर खुर्चीवरनं उठून उभा राहायचं हुतंस."

दुसऱ्या दिवशी त्यानं तागात नांगर घातला. चंपाबाई बांधावर येऊन बसली. फुलावर आलेलं पीक, त्यात मधमाश्या, किडे, किती जीव, हे तिला बघवत नव्हतं आणि तिथनं उठवतही नव्हतं. आडवा पडलेला ताग नांगरात अडकायचा, बैल थांबायचे, कस्तुरी पुढं जाऊन विळ्यानं ताटं तोडून तासात दाबायची. सासरा तिला हाक मारत नव्हता. नांगर थांबला की ती समजून पुढं व्हायची. सहा दिवस असं चाललं. हिरव्या, ओल्या, कुजत्या तागाचा वास अंगाला बसला, तो आंघोळीनं जाईना.

सातव्या दिवशी तवनाप्पानं वीस पोती गाडीत भरली. सोसायटीचं सोसायटीला देऊन टाकायचं, बाकीचं बघू, एवढंच तो चंपाबाईला म्हणाला. कस्तुरी न विचारता गाडीत मागं बसली.

सोसायटीच्या दारात तीस-चाळीस माणसं खतासाठी उभी होती. फळ्यावर खडूनं नवा भाव लिहिला होता, शंभर रुपये, आणि त्याच्याखाली माल शिल्लक नाही असंही लिहिलं होतं. आप्पासो बाहेर आले. पोती परत आणलेली बघून त्यांच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याचं दिसलं. त्यांनी हमालाला हाक मारली आणि सांगितलं की बावन्नच्या हिशोबानं जमा धरतो, ज्या भावानं दिलं त्या भावानं घेणार.

"आन् ह्या लोकांना कुठल्या भावानं देणार?" कस्तुरीनं गाडीतनं विचारलं.

आप्पासोंनी तिच्याकडं न बघता तवनाप्पाला म्हटलं, की सुनेला आवर. तवनाप्पानं आवरलं नाही. तो जूवर हात ठेवून खाली बघत उभा होता.

"फळ्यावरच्या भावानं देणार," कस्तुरी म्हणाली. "म्हंजे आमच्या पोत्यावर सोसायटी अठ्ठेचाळीस खाणार आन् आमीच चोर. मंग आमीच देतो की फळ्यावरच्या भावानं. एक पैसा जादा न्हाई. घ्यायचं त्येनं गाडीला या."

"सोसायटीचा माल इकता यायचा न्हाई," आप्पासो म्हणाले. आवाज पहिल्यांदा चढला होता. "गुन्हा हाय त्यो."

"सोसायटीचा कसा? ह्याचं कर्ज आमच्या नावावर हाय. कर्ज आमचं आन् माल तुमचा, असं कुठल्या तक्त्यात हाय ते दाखवा."

रांगेतली माणसं आप्पासोंच्या तोंडाकडं आणि पोत्यांकडं आळीपाळीनं बघत होती. मग तवनाप्पानं जूवरचा हात काढला, गाडीच्या मागं आला आणि पोत्यांवरचा दोर सोडला. पहिल्या माणसानं नोटा पुढं केल्या तसे बाकीचे धावले. तासाभरात गाडी रिकामी झाली.

ते दोन हजार रुपये तवनाप्पानं आत नेऊन नेमिनाथच्या टेबलावर ठेवले. रोख, खत, व्याज, सगळं त्यात बसलं, वर चार रुपये उरले. चर खणायला सोसायटीनं दिलं नव्हतं ते खताच्या महागाईनं दिलं. कुणाच्या कृपेनं काही झालं नव्हतं, आणि घरी जाताना कस्तुरीला आनंद वाटत नव्हता. नेमिनाथनं पावती लिहिली, वडिलांच्या हातात दिली, आणि वडील वळले तेव्हा खुर्चीवरनं उठून उभा राहिला. त्याच संध्याकाळी त्याला कामावरनं कमी केल्याचा कागद मिळाला. तवनाप्पाचं नाव नव्या कर्जाच्या यादीतनं कायमचं काढून टाकलं गेलं.

पुढचं वर्ष सगळ्यांत वाईट गेलं. नेमिनाथ मिरजेला एका धान्याच्या अडत दुकानात पोती मोजायला लागला, महिन्यातनं एकदा घरी यायचा. चंपाबाईनं एका म्हशीच्या दुधावर घर ओढलं. कस्तुरी रोजगारानं दुसऱ्याच्या उसातलं तण भांगलायला जायची. आप्पासोंच्या उसातही गेली. तीन एकरांच्या मालकाची सून परक्या रानात पातीला बसते म्हणून बायका आधी गप्प व्हायच्या, नंतर त्यांना सवय झाली. संध्याकाळी मुकादम रोजगार वाटताना तिला मुद्दाम शेवटी बोलवायचा. ती उभी राहायची. आप्पासोंच्या रानात, खालच्या कोपऱ्यात, तिला एके दिवशी मातीवर पांढरी साय दिसली. ती कुणाला काही बोलली नाही.

थंडीत कवठे महांकाळकडचा कोंडीबा धनगर दोनशे मेंढरं घेऊन खाली उतरला. तवनाप्पानं त्याला स्पष्ट सांगितलं, की मेंढरं बसवायची आहेत, पण मोबदल्यात द्यायला कणगीत जोंधळा नाही. कोंडीबानं रानात फिरून माती हातात चुरली, चरातलं पाणी बघितलं.

"पिकलं की द्या," तो म्हणाला. "पुढल्या साली मी हिकडंच येनार हाय."

त्यानं सही मागितली नाही. बारा दिवस मेंढरं बसली. त्यांचा वास, त्यांचं ओरडणं, लेंड्यांचा काळा थर. नंतर पाऊस पडला, पुन्हा ताग झाला, पुन्हा गाडला, पुन्हा थोडी मेंढरं बसली. दुसऱ्या वर्षीच्या रब्बीत दोन एकरांत जोंधळा छातीएवढा उभा राहिला. खालचा एकर अजून पांढराच होता, पण त्याच्या कडेनं हरळी पसरत होती.

कणसं भरत आली होती तेव्हाची गोष्ट. तवनाप्पा बांधावर बसला होता आणि कस्तुरी चराच्या काठचं गवत कापत होती. ह्या दीड-दोन वर्षांत तो तिच्याशी कामापुरतं बोलायला लागला होता, त्याहून जास्त नाही. चराच्या पलीकडनं, ओढ्याच्या वाटेनं, आप्पासो आले. एकटेच होते, हातात कागद. चरावरची फळी मागच्या पावसात वाहून गेली होती. त्यांनी अरुंद जागा शोधली, धोतर वर खोचलं आणि कशीबशी उडी टाकली.

त्यांच्या रानात दोन एकर पांढरं पडलं होतं. पाणी काढायला वाट एकच होती, तवनाप्पाच्या बांधानं येऊन त्याच्या चरात. संमती हवी होती. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की सोसायटीनं आता चरासाठी कर्ज द्यायचा ठराव केला आहे, तक्त्यात नवीन ओळ आली आहे. हे त्यांनी चांगली बातमी म्हणून सांगितलं.

"आमाला मिळंल ते?" तवनाप्पानं विचारलं. "खालचा एकर राहिलाय."

आप्पासो म्हणाले, की तुझं नाव काढलेलं आहे, ते पुन्हा घालायला वरनं मंजुरी लागते, बघू.

कस्तुरीचा विळा गवतात थांबला. तिला वाटलं, मामांना म्हणावं, कागद फाडून त्यांच्या तोंडावर टाका. तवनाप्पानं कागद घेतला, उलटसुलट केला आणि तिच्याकडं हात लांब केला. तिनं तो अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचला. तवनाप्पानं कन्नडात सही केली.

"तुझं पानी आडवलं तर ते जिमिनीतनं माझ्याच रानात उतरंल," तो आप्पासोंना म्हणाला. "म्हणून केली सही. दुसरं काय मनात आणू नगंस."

आप्पासोंनी कागद खिशात घातला. जाताना कस्तुरीकडं बघून म्हणाले, की झालं गेलं विसरून जावं, आपण शेजारी.

"चर वापरा," कस्तुरी म्हणाली. "इसरायला सांगू नका."

आप्पासो चराच्या काठावर जाऊन उभे राहिले. पलीकडच्या काठावर खणलेल्या मातीचा ढीग होता, त्यावरनं येताना उडी जमली होती. ह्या बाजूनं काठ खाली होता आणि त्यांचं शरीर जड होतं. त्यांनी एकदा अंदाज घेतला, पाय मागं घेतला, आणि आधारासाठी कस्तुरीकडं हात पुढं केला.

कस्तुरी गवत कापत राहिली. तवनाप्पानंही मान वळवली नाही. थोडा वेळ तो हात तसाच हवेत राहिला. मग आप्पासो खाली बसले, दोन्ही हात मातीत टेकवून चरात उतरले, पोटऱ्यांपर्यंत त्या खाऱ्या गाळात रुतले, आणि समोरच्या भिंतीला धरून वर चढायला लागले.